मुक्तिबोधांचा वारसा कोणाचा?

लेखक जिवंत असेपर्यंत त्याची उपेक्षा करावयाची आणि तो गेल्यावर त्याच्या तसबिरीला हार घालावयाचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या वाट्याला ती पुरेपूर आली. आज हिंदीच्या प्रत्येक विद्यापीठात त्यांच्या कवितेवर प्रबंध लिहिले जातात. परंतु त्यांच्या हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह प्रसिद्ध झाला नाही. शिवाय ज्या पत्रकारितेवर त्यांनी अनेक वर्षे पोट भरले, तिचा उल्लेख या प्रबंधांतून बहुधा ओझरताच येतो. कवी मोठा करावयाचा आणि कष्टकऱ्यांचा पत्रकार झाकून ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

मुक्तिबोधांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस, घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले. ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या त्यांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांना परिचित आहेत. गजाननरावांनी हिंदी स्वीकारली. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत मार्क्सवादी साहित्यविचार रुजवला, ही भारतीय साहित्यातील एक विलक्षण घटना होय.

उज्जैनमध्ये कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आल्यानंतर मुक्तिबोध पुरोगामी लेखकांच्या संघटनेत उतरले. उपजीविकेसाठी मात्र त्यांना गावोगाव भटकावे लागले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते जबलपूरला आले. तेथे हितकारिणी शाळेत त्यांनी मास्तरकी केली आणि ‘जयहिंद’ दैनिकात काम केले. 1948 साली ते नागपूरला गेले. सरकारी प्रसिद्धी खाते, आकाशवाणी, पुढे ‘नया खून’ साप्ताहिक, असा तो प्रवास होता. ‘यौगंधरायण’, ‘अवंतीलाल गुप्ता’ अशा टोपणनावांनी त्यांनी साम्राज्यवादी राजकारणावर व देशातील घडामोडींवर लेख लिहिले.

एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा ते वार्ताहर म्हणून तेथे हजर होते. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेतील लष्करी कायदा, रस्त्यावरची दहशत आणि रात्रीच्या मिरवणुकीत निघालेले प्रतिष्ठित लोक केवळ कल्पनेतून आलेले नाहीत. ‘विपात्र’ या लघुकादंबरीतील सुशिक्षित मध्यमवर्गाची लाचारीदेखील नोकरीच्या अनुभवातून आलेली आहे. पत्रकार मुक्तिबोध बाजूला सारला, तर कवी मुक्तिबोध अर्धाच हाती लागतो.

जबलपूरशी त्यांचे नाते पुढेही तुटले नाही. हरिशंकर परसाई यांनी तेथून काढलेल्या ‘वसुधा’ मासिकात ‘एक साहित्यिक की डायरी’ क्रमशः प्रसिद्ध झाली. मोठ्या भांडवलाच्या नियतकालिकांनी जे छापले नसते, ते पदरमोड करून चालणाऱ्या या मासिकाने छापले. पक्षाच्या व चळवळीच्या लहान पत्रांना कमी लेखणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

मुक्तिबोध आंधळे अनुयायी नव्हते. कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी सांस्कृतिक आघाडीवरील उणिवा परखडपणे मांडल्या. नव्या कवितेला सरसकट प्रतिगामी ठरविणे त्यांना मान्य नव्हते. ही टीका आघाडी बळकट व्हावी या तळमळीतून आलेली होती.

राज्यकर्त्यांनी खरा हल्ला चढविला तो त्यांच्या एका पाठ्यपुस्तकावर. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकाविरुद्ध जातीयवादी शक्तींनी ओरड केली आणि सप्टेंबर 1962 मध्ये मध्य प्रदेशच्या काँग्रेस सरकारने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. आक्षेपार्ह ठरलेला मजकूर गाळूनच पुस्तक छापण्याची मुभा मिळाली. राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या या लेखकाला त्या घावाने खोल जखम केली. 1964 च्या आरंभी पक्षाघात झाला आणि 11 सप्टेंबर 1964 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

प्रतिगाम्यांना कविता पुष्कळदा सहन होते, कारण ती थोड्यांपर्यंत पोहोचते. शाळेतील मुलाच्या हाती पडणारा इतिहास त्यांना सहन होत नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरील प्रकरण वगळले गेले, तेव्हा 1962 ची तीच लढाई पुन्हा समोर उभी राहिली. त्या वेळी विरोध झाला, पण तो एकाकी राहिला. आज तसे होऊ देणे परवडणार नाही.

म्हणून मुक्तिबोधांचा वारसा पुतळ्यांवर आणि परिसंवादांवर सोपवून चालणार नाही. जबलपूर, नागपूर, इंदूर येथील मराठी भाषक साथींना त्यांची भाषा व त्यांचे घर दोन्ही जवळचे आहेत. त्यांचे राजकीय लेख व ते पाठ्यपुस्तक अभ्यासमंडळांत वाचले जावे, मराठीत आणले जावे, शिक्षकांच्या हाती पोहोचवावे. जो वर्ग त्यांच्या लेखनातील प्रश्न पुढे नेईल, वारसा त्याचाच ठरेल.