कर्मणी प्रयोग

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द प्रयोगशाळेचा तसाच व्याकरणाचाही आहे. गर्भशस्त्रक्रियेच्या यशकथा वाचताना दोन्ही अर्थ एकदमच आठवतात. ‘मेंढ्यांवर प्रयोग करण्यात आले.’ कर्ता गायब. पुढच्या वाक्यात मेंढीही गायब. उरतो तो ‘चमत्कार’.

हा चमत्कार घडला कसा? काही गर्भांच्या श्वासपटलाला छिद्र असते. आतडी छातीत चढतात आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. गर्भाची फुप्फुसे सतत द्रव स्रवतात. श्वासनलिका रोखली की तो द्रव साचतो आणि फुप्फुसे ताणली जाऊन वाढतात, हे मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांतून दिसून आले. त्यातूनच आईच्या पोटाला बारीक छेद देऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाच्या श्वासनलिकेत चिमुकला फुगा बसवण्याची रीत विकसित झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दोष गंभीर असलेल्या बाळांपैकी फुगा बसवलेली ४० टक्के जगून घरी गेली; न बसवलेली १५ टक्के. ज्या घरात हा फरक पडला, तिथे जाऊन भूतदयेचे प्रवचन देण्याचे धाडस मला होणार नाही.

परंतु मेंढीने सगळे सांगितले नव्हते. तिचे गर्भाशय हाताळणी बरेचसे निमूटपणे सोसते. स्त्रीचे तसे सोसत नाही. त्याच चाचणीत फुगा बसवलेल्या गटातील ४७ टक्के स्त्रियांची गर्भजलाची पिशवी मुदतीआधी फुटली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. ज्ञानाचा उरलेला हप्ता आयांनी भरला.

आता आपल्या अहिंसेविषयी. २०१५ साली मीरा-भाईंदर महापालिकेने पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले आणि राज्यभर वाद पेटला. कोणी व्रताची बाजू घेतली, कोणी ताटाची. दवाखान्यामागे उभ्या असलेल्या जनावराचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही. खाटकाच्या दुकानासमोर अहिंसा सोपी असते. सोनोग्राफीच्या खोलीत, पोटातल्या बाळाचे फुप्फुस वाढत नाही असे कळते तेव्हा, शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही त्याच मेंढीचे ऋणी होतात, आणि दोघेही ते ऋण विसरतात.

इंग्रजी शोधनिबंधांत प्रयोगानंतर प्राणी मारण्याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणण्याची प्रथा आहे. बळी दिला खरा. पण कोणत्या देवाला आणि कोणी? आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा अशा प्रयोगांना मुभा देतो आणि शक्य तिथे ते टाळावेत असेही बजावतो. टाळणे शक्य होते का, या प्रश्नाला उत्तर द्यायला कर्ता लागतो. कर्मणी वाक्य उत्तरदायी नसते.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांकडे माझी एक मागणी आहे. प्रयोग शिकवताना फळ्यावर रामाला आंबा खायला लावण्याऐवजी एकदा हे वाक्य लिहावे : ‘आम्ही मेंढ्यांची गर्भाशये उघडतो, मेंढ्या मारतो, आणि त्या ज्ञानाने काही मुले जगवतो.’ कर्तरी प्रयोग. हे वाक्य ज्याला स्वतःच्या तोंडाने म्हणवत नाही, त्याने चमत्काराबद्दलही बोलू नये.