पेनड्राइव्हची नोंद आणि माणसाचा दोष

कचेरीतील एखाद्या निविदेचा मसुदा बाहेर फुटला, की हल्ली खातेनिहाय चौकशीचा रोख प्रथम संगणकाकडे वळतो. आणि अमुक कारकुनाच्या यंत्राला अमुक दिवशी पेनड्राइव्ह जोडला गेला होता एवढे निष्पन्न झाले, की आरोप जणू शाबीत झाला असे समजून पुढील कारवाईची तजवीज सुरू होते. यंत्र खोटे बोलत नाही, हा या घाईमागील युक्तिवाद. तो मान्य केला, तरी यंत्राने नेमके काय सांगितले आणि आपण त्यात पदरचे काय मिसळले, याची शहानिशा उरतेच.

विंडोज प्रणालीच्या रजिस्ट्री नामक दप्तरात, ‘यूएसबीस्टोर’ या सदराखाली, सामान्यतः जोडलेल्या पेनड्राइव्हचा निर्माता, नमुना व अनुक्रमांक उतरवला जातो. ‘सेटअपएपीआय’ या लॉग फाइलीत तो प्रथम केव्हा जोडला गेला ती वेळ राहते. आणि ‘माउंटपॉइंट्स२’ या नोंदीवरून तो कोणाच्या खात्यातून वापरला गेला याचाही माग लागू शकतो. पेनड्राइव्ह काढून नेला, तरी या नोंदी मागे राहतात.

परंतु त्या वाचण्यास जाणकार हवा. अनुक्रमांकाचे दुसरे अक्षर ‘&’ असेल, तर तो क्रमांक पेनड्राइव्हचा स्वतःचा नसून विंडोजने दिलेला असतो, आणि केवळ त्याच्या आधारे वस्तूची ओळख पटवता येत नाही. लॉग फाइलीतील वेळ स्थानिक असते, तर रजिस्ट्रीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे. यामुळे रजिस्ट्रीतील दुपारचा 1 म्हणजे आपल्याकडील सायंकाळचे साडेसहा, आणि हा फरक ध्यानी न घेतल्यास कचेरी सुटल्यानंतरचे कृत्य भर दुपारी टेबलाशी बसलेल्या निरपराध माणसाच्या माथी मारले जाते. शिवाय पेनड्राइव्हवर कोणत्या फाइली उतरवल्या, याची नोंद विंडोज आपण होऊन ठेवत नाही. जकातनाक्यावरील वहीत गाडीचा क्रमांक असावा आणि मालाच्या रकान्यात काहीच नसावे, तशी ही अवस्था. आणि जिथे एकाच पासवर्डावर सारी शाखा काम करते, तिथे गाडीवान कोण हेही अनुमानानेच ठरवावे लागते.

न्यायालयांनी या बाबतीत सावधगिरीचा मार्ग आखून दिला आहे. जालन्याच्या 2014 मधील विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, असा वेळेचाच वाद होता, आणि पुरावा होता चित्रफितींचा. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने विहित केलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे मजकुरात फेरफार झाल्यास बदलणारी अंकीय खूण, आणि तज्ज्ञाची स्वाक्षरीही आली. खातेनिहाय चौकशीला साक्षीपुराव्याचे नियम काटेकोरपणे लागू होत नाहीत हे खरे. परंतु ज्या चौकशीने माणसाची नोकरी जाते, तिने ही शिस्त स्वखुशीने पाळू नये, याला सबळ कारण दिसत नाही.

इतकी काटेकोर पद्धत स्वीकारली तर खरे अपराधी सुटतील, असा आक्षेप येईल. वस्तुस्थिती उलट आहे. पेनड्राइव्हवरील फाइल उघडली असता तयार होणाऱ्या शॉर्टकट फाइलीत त्या फाइलीचे नाव आणि त्या ड्राइव्हचा खंड-क्रमांक राहू शकतो, आणि असे दुवे जुळवूनच तज्ज्ञ आरोप पक्का करतो. मात्र कचेरीतील हौशी जाणकाराने संशय येताच यंत्र सुरू करून चाळले, तर त्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात व गुन्हेगाराच्या वकिलाला आयते हत्यार मिळते. म्हणून यंत्र पंचनामा करून सीलबंद करावे, मूळ डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशा उपकरणाद्वारे तिची प्रत काढावी, हॅश मूल्य तेथल्या तेथे नोंदवून त्याची प्रत आरोपी कर्मचाऱ्यासही द्यावी, आणि हजेरीपटाशी वेळ पडताळल्यावाचून आरोपपत्र बजावू नये. एवढा नियम प्रत्येक खात्याने परिपत्रकाने जारी करण्यास खर्च फारसा नाही. तो नसल्याची किंमत मात्र सध्या सर्वांत खालच्या पगाराचा माणूस मोजतो.