लो गिअर बिनकामाचा म्हणणाऱ्यांनी भादव्यात आमच्या पांदणीनं या



रात्री परत पाऊस झाला. बागेत वाफसा नाही, फवारणी बंद. म्हणून ओसरीवर बसून हे लिहितोय. विषय गाडीचा आहे, पण शेवटी येतो शेतावरच.

गेल्या रविवारी भाचा आला होता. संभाजीनगरला नोकरीला आहे, नवी गाडी घ्यायचं चाललंय. कुठल्यातरी शोरूमवाल्यानं त्याला सांगितलं, "साहेब, लो गिअर आता कुणी वापरत नाही. मागच्या दोन चाकांवर चालणारी घ्या, पैसे वाचतील." भाचा येऊन मला म्हणतो, "मामा, तुमच्या गाडीतला तो बारका दांडा निव्वळ शोभेचा. आताच्या इंजिनात एवढी ताकद असते की लो लागतच नाही."

ताट वाढलेलं होतं म्हणून तवा गप्प बसलो. आज बोलतो.

पहिली गोष्ट, ताकद. थारच्या मोठ्या डिझेल इंजिनाची ताकद १३० एचपी. माझा ट्रॅक्टर ४० एचपीचा. तिप्पट झाली ना? मग जोडा थारला पलटी नांगर आणि काढून दाखवा एक तास! निघणार नाही. काहून? ट्रॅक्टरचं वजन, त्याचं दातेरी टायर आणि त्याचा गिअर. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला हाय-लो शिकवायची गरज नाही. आठ पुढचे गिअर म्हणजे चार हाय आणि चार लो. रोटाव्हेटर लोमध्ये, रिकामी ट्रॉली डांबरीवर हायमध्ये. तीस वर्षांत एकाही शेतकऱ्यानं म्हटलं नाही की ट्रॅक्टरचा लो शोभेचा आहे. मग तोच दांडा जीपमध्ये गेला की शोभेचा कसा होतो?

मी दहावी पास माणूस. तेवढ्या शाळेत एक गोष्ट पक्की शिकलो, जोर वाढवायचा तर वेग सोडावा लागतो. विहीर खोदताना हातानं फिरवायची यारी असायची. बारकं चाक मोठ्या चाकाला फिरवायचं, आणि दोन माणसं दगडानं भरलेली बादली वर काढायची. हळू यायची, पण यायची. गाडीतला लो म्हणजे तीच यारी. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते, त्यात आणखी एक दात्यांची जोडी बसवलेली असते. थारमध्ये लो टाकला की चाकं साधारण अडीच पट हळू फिरतात आणि चाकावरचा जोर तितकाच वाढतो. जिम्नीत हेच प्रमाण दुपटीच्या आसपास आहे. इंजिन तेच, डिझेल तेच. ताकद कुठून उसनी आणलेली नसते, वेग देऊन जोर घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट लोक कालवतात. फोर बाय फोर वेगळं आणि लो वेगळा. फोर बाय फोर म्हणजे जोर चारही चाकांना देणं. लो म्हणजे तो जोर वाढवणं आणि चाल कमी करणं. डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह आपल्याकडं विकली जायची, तिला चारही चाकं होती पण लो नव्हता. तिचा पहिला गिअरच फार आखूड ठेवला होता, म्हणून ती बऱ्यापैकी निभावून न्यायची. म्हणजे लोशिवाय गाडी बनवणाऱ्यालाही हळू चालायची सोय दुसऱ्या वाटेनं करावीच लागली. गरज खरी असल्याशिवाय असं कुणी करतं का?

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

२०२५ चा सप्टेंबर आठवा. सगळ्या मराठवाड्यात पावसानं कहर केला होता. त्यातल्या एका रात्री दोनच्या सुमारास मायला दम लागला. ऐंशी पार केलेली माय. आमची वस्ती अंबड तालुक्यात, शेतात. वस्तीपासून डांबरी दोन किलोमीटर, सगळी पांदण. मधी ओढा. संध्याकाळी ओढ्याला पाणी होतं, रातच्याला उतरलं होतं, पण दगड उघडे पडलेले आणि पलीकडचा चढ घसरडा.

मायला मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर झोपवलं. लो टाकला, दुसरा गिअर, क्लचवरून पाय काढला आणि ओढ्यापर्यंत परत ठेवला नाही. हायमधल्या पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या चालीपेक्षा जोरात पळते. त्याहून हळू जायचं तर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. मग गाडी हिसके देते, क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो आणि नेमकी चढावर दगा देते. लोमध्ये तसं नाही. ओढ्यात उतरताना पहिला गिअर टाकला तर ब्रेकला हातभार इंजिनच लावतं, चाकं लॉक होऊन गाडी आडवी होत नाही. एकेक दगड चाकाखाली घेत गाडी बाजेवर नेल्यासारखी गेली. दोन किलोमीटरला अर्धा तास लागला. पण म्हातारीला एक हिसका बसला नाही.

आज माय इथंच ओसरीवर लसूण सोलत बसलीय. म्हणून शोभेचा दांडा म्हटलं की मला राग येतो.

कुणी म्हणंल, ट्रॅक्टर होता ना दारात? होता. मोसंबीचे कॅरेट काढायला तोच लागतो. आंबे बहाराचं फळ नेमकं पावसाळ्याच्या शेवटाला तोडणीला येतं, व्यापाऱ्याचा पिकअप डांबरीवरच थांबतो, आत यायचं नाव घेत नाही. आत फळगळ चालू आणि बाहेर गाडी उभी, हे दुखणं जालन्याच्या प्रत्येक मोसंबीवाल्याला माहीत आहे. पण दम लागलेल्या माणसाला भर पावसात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून नेता का तुम्ही?

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना बोलतो, कारण चूक तिकडंही आहे.

आपली पोरं समजतात लो टाकला की गाडी कुठूनही निघते. मीही तसाच होतो. गाडी घेतली तवा पहिल्याच मृगाच्या पावसात काळ्या रानातून नेली. टायर डांबरीचे, बारीक नक्षीचे. लोचा पहिला गिअर टाकला आणि दाबला. चारही चाकं जागेवर फिरली, चाकाभोवती चिखलाचे लाडू झाले आणि गाडी पोटावर बसली. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. अख्खं शिवार बघायला आलं होतं.

चूक दांड्याची नव्हती, माझी होती. आपली काळी माती पाण्यानं फुगते, चिकटते आणि टायरची नक्षी भरून टाकते. टायरला पकडच नाही तर तुम्ही जोर दुप्पट करा नाही तर अडीच पट, चाक नुसतं जोरात फिरणार. चिखलात बहुतेक वेळा फोर बाय फोर हाय पुरतं, किंवा लोचा दुसरा-तिसरा गिअर टाकून एकसारखी चाल धरायची, थांबायचं नाही. गोदाकाठच्या वाळूत टायरची हवा कमी केल्याचा उपयोग लोपेक्षा जास्त होतो. कोरड्या डांबरीवर तर या गाड्यांना फोर बाय फोर टाकायचंच नाही, वळणावर दात्यांवर ताण येतो. आणि वाहत्या पाण्यापुढं कुठलाच गिअर चालत नाही. त्या रात्री ओढा उतरला नसता तर मी गाडी घातली नसती.

तवा हिशोब साधा आहे. चढ, उतार, दगड, ओझं आणि हळू जायची गरज, इथं लोला पर्याय नाही. निसरड्यात आधी टायर, मग चारही चाकं, मग लो.

मग घ्यायचं कुणी? ज्याची वस्ती शेतात आहे, जो मृगापासून दसऱ्यापर्यंत पांदणीनं माणसं नेतो, त्यानं लो असलेली गाडी घ्यावी, जुनी का असंना. मागच्या चाकांवर चालणारी थार २०२३ च्या जानेवारीत आली. ती वाईट गाडी नाही, पण दिसायला तीच आहे म्हणून कामाला तीच आहे असं समजू नका. आणि ज्याची गाडी लग्नाच्या वरातीपुढं उभी करायलाच आहे, त्यानं फोर बाय फोरचे जादा पैसे ठिबकला घालावेत. रान गहाण ठेवून लोचा दांडा घ्यायचा आणि पाच वर्षांत एकदाही ओढायचा नाही, याला शौकही म्हणवत नाही.

भाच्यालाही मी तेच सांगणार आहे. बाबा, तू गावाकडं येतो दिवाळीला आणि पोळ्याला. तुला लो नको, दोन चाकांवरची घे. शोरूमवाल्यानं तुझ्यापुरतं बरोबरच सांगितलं. पण "कुणी वापरत नाही" हे खोटं आहे. जिथं वापरतात तिथं तो कधी आला नाही, एवढंच.

आता शेवटचं, आणि खरं दुखणं हेच. आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, १२० च्या वेगाची मुभा. आणि त्याच जिल्ह्यात वस्तीवरून डांबरीला यायला दोन किलोमीटरला अर्धा तास. शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ साली आली. कागदावर योजना आहे, पण आमच्या पांदणीवर अजून मुरमाची एक ट्रॉली पडली नाही. लो गिअर ही माझी हौस नव्हती. रस्ता नाही म्हणून मी तो विकत घेतलाय. ज्याला तेवढे पैसे नाहीत त्याच्या मायनं रात्री दोन वाजता काय करायचं?

येत्या ग्रामसभेत पांदणीचा विषय मी काढणार आहे. तुमच्याही गावात काढा. मोजणी मागा, अतिक्रमण असलं तर बांधावरच्या भावकीशी आधी गोडीनं बोला, मग अर्ज द्या.

ऊन पडायलंय. दोन दिवस उघडीप मिळाली तर फवारणी उरकून घेतो. राम राम.