शिष्यवृत्ती हवी ती वेळेवर!

आमच्या विभागातील एका ट्रॅकमनची कन्या बायोमेडिकल इंजिनिअर झाली. व्हेंटिलेटर, डायलिसिस, ईसीजी अशी यंत्रे बिनचूक चालती ठेवणारी ही विद्या. भायखळ्याचे आंबेडकर रुग्णालय असो की मुंबई सेंट्रलचे जगजीवनराम, आपल्या रेल्वे रुग्णालयांनाही अशा जाणकारांची गरज आहे. तिचे हार्दिक अभिनंदन!

परंतु या चार वर्षांचा हिशेब आम्ही विसरणार नाही. शिष्यवृत्ती मंजूर होती. कॉलेजला मात्र फी आधी हवी होती. पैसे आले वर्ष सरताना. तोवर बापाने पतपेढीचे कर्ज काढून व्याज भरले. सरकारी दिरंगाईचे व्याज कामगाराने का भरावे?

महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. त्याचे स्वागत. तरी खाणावळ, पुस्तके, प्रवास सुटत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रेल्वेच्या कर्मचारी हित निधीची तांत्रिक शिक्षणाची शिष्यवृत्ती पहिल्या सत्रातच हाती पडावी. टपाल बांधवांनीही आपल्या कल्याण निधीकडे हाच आग्रह धरावा. पतपेढ्यांनी तोवर बिनव्याजी उचल द्यावी. शाखा सचिवांनो, अर्ज आजच भरून घ्या. हक्काचा पैसा वेळेवर मिळालाच पाहिजे!