घरचंच तर आहे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोळ्यांचं ऑपरेशन झालं हे एक कारण, आणि आळस हे खरं कारण. आज मात्र राग आलाय म्हणून बसलोय. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे माझे नातेवाईकच आहेत आणि राग त्यांच्यावरच आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

गेल्या गणपतीत डोंबिवलीचे आमचे बंधुराज घरी आले होते. निघताना त्यांनी पडवीतल्या फळीवरून कोकम सरबताच्या दोन बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या. सूनबाई शांतपणे म्हणाली, "काका, तीनशे चाळीस झाले." घरात अशी शांतता पसरली की आरतीच्या वेळीसुद्धा नसते. नंतर आठवडाभर मला फोन. "मास्तर, तुमच्या घरात आता पावण्यांकडसून पण पैशे घेतंत?" एका वहिनींनी तर "तुमची बायको असती तर असं झालं नसतं" असंही ऐकवलं.

वहिनी, अगदी बरोबर बोललात. ती असती तर झालं नसतंच. म्हणून तर तिचा धंदा बुडाला.

१९९४ साली आम्ही वैभववाडीत हाच उद्योग केला होता. दारात रातांब्याची झाडं, हाताला चव तिची, आणि मी शाळेतून आल्यावर लेबलं चिकटवणार. तीन हंगाम केला आणि बंद केला. पुढची तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की कोकणी माणसाला धंदा जमत नाही. वर्गातही सांगितलं, आता त्याची लाज वाटते. मागच्या वर्षी माळा साफ करताना तिची वही सापडली. दुसऱ्या हंगामाचा हिशेब तिने नीट लिहिलाय. बाटल्या केल्या १८०. विकल्या १०९, तीस रुपयांप्रमाणे. त्यातले ६०० रुपये उधारीत बुडाले. हातात आले २६७०. साखर, बाटल्या, बुचं, एस.टी.चं भाडं मिळून खर्च २६००. शिल्लक सत्तर रुपये.

उरलेल्या ७१ बाटल्या? त्यांची वेगळी यादी आहे, नावांसकट. (नावं इथे देत नाही, घाबरू नका.) त्या विकल्या असत्या तर २१३० रुपये होते. आणि पहाटे चारला उठून रातांबे फोडणं, बिया काढणं, बरण्या उन्हात ठेवणं, आभाळ आलं की धावत आत घेणं, हे चाळीस दिवसांचं काम. त्या वहीत त्याच्यापुढे एक पैसाही लिहिलेला नाही. मीही कधी विचारलं नाही. घरचंच तर काम! तेव्हा मजुरीने बाई लावली असती तर तिला आम्ही रोजचे पंचवीस रुपये चुकते केले असते. घरातल्या बाईला मात्र शून्य. धंदा तोट्यात नव्हताच मंडळी. तो आपण सगळ्यांनी मिळून पिऊन टाकला. आणि दोष दिला कोकणच्या मातीला.

"धाडस पाहिजे, धाडस!" असं व्याख्यानं देणारे सांगतात. मला ते पटत नाही. १९५९ साली १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत झाला. त्यांच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. छगनलाल पारेख नावाच्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं की हिशेब चोख ठेवा, आणि स्वस्तातला हलका माल काढू नका. लाटणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या लाटणावळीचे पैसे मिळत गेले. पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. याला मी धंद्याची मांडणी म्हणतो. अडचण कुठे आहे ते बघायचं आणि तिच्यावर मोजका खर्च करायचा. आम्ही तिन्ही वर्षं नुसतं आभाळाकडे बघत बसलो.

गिरगावात तेव्हा आपलीही माणसं खोल्या-खोल्यांतून राहत होतीच की. पण आपली सवय मनीऑर्डरची. पैसा मुंबईहून येणार आणि गावातून आंबे, कोकम, काजू, कुळथाचं पीठ पिशव्या भरून मुंबईला जाणार. पैसा पाठवणाऱ्याचा हिशेब असतो, पिशवी भरणारीचा नसतो. गिरण्यांचा संप १९८२ साली झाला, मनीऑर्डरी आटल्या, पिशव्या मात्र भरत राहिल्या. असो, हा वेगळा विषय आहे.

सूनबाईने पहिल्या दिवसापासून दोन वह्या केल्या, एक घराची, एक धंद्याची. बँकेतलं खातंही वेगळं. उद्यम नोंदणी तिने स्वतः संगणकावर बसून केली. ती फुकट असते, हे नीट वाचा, कारण तिचेही पैसे घेणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. स्वतःची मजुरी ती बाटलीच्या किमतीत धरते. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तिचा कोल्हापूरचा माल लांबच्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा वाढीव भाडं तिने त्याच आठवड्यात दरात मिळवलं. मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुटेल." एक तुटलं, बाकीची राहिली. मी असतो तर भाडं पदरचं भरलं असतं आणि वर्षअखेरीस घाटाला शिव्या दिल्या असत्या.

बंधुराजांचं एक म्हणणं मला मान्य आहे. ते येताना मिठाईचा पुडा आणतात, त्याचं वजन आम्ही करत नाही. मग दोन बाटल्यांचं काय एवढं? मीही दोन रात्री यावर विचार केला. पुडा त्यांनी दुकानात पैसे मोजून आणला होता, हलवायाला "आपलेच आहात" म्हणून उचलला नव्हता. तशी मला कुणाला बाटली द्यावीशी वाटली तर मी माझ्या पेन्शनीतून विकत घेऊन देतो. सूनबाई माझ्याकडूनही पूर्ण पैसे घेते आणि पावती देते. पहिल्यांदा हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू.

तेव्हा यंदा गणपतीला जरूर या. मोदक, उसळ, सोलकढी हवी तेवढी, त्याची वही नाही. फळीवरच्या बाटलीला मात्र हात लावण्याआधी विचारा. साखर महागल्यामुळे दर १८० झालाय. आणि डोंबिवलीकर, तुम्ही त्या दिवशी "पुढच्या वेळी देतो" म्हणून गेलात, ते गेल्या वर्षीचे ३४० अजून यायचे आहेत. वहीत लिहिलेले आहेत.