दर वेळी हवाच दोषी?

अँटॉप हिलला ट्रक टर्मिनल आहे, आरटीओ आहे, साहजिकच गॅरेजेस पण भरपूर. जुन्या गाडीचा ब्रेक बिघडला की तिथे एकच निदान ऐकू येतं, "एअर आलीये, काढून टाकू." माझा आक्षेप ह्या घाईला आहे.

प्रीमियर पद्मिनीच घ्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. पण हौसेने जपलेल्या खाजगी पद्मिनी अजून आहेत. पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर हवा, मान्य. पण पहिल्या दाबाला खोल जातं, दुसऱ्याला वर येऊन टणक लागतं, तर बहुधा लायनर झिजलेत, ड्रममधले शू अ‍ॅडजस्ट करायला हवेत. पाय दाबून धरला नि पेडल हळूहळू बसत गेलं, बाहेर गळती मात्र कुठेच नाही? मग मास्टर सिलिंडरचा रबर कप गेला. इथे कितीही हवा काढा, ऑईल फुकट!

खरंच हवा असेल तर काम दोघांचं. एक पेडलवर, एक गाडीखाली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडलेलं. "दाब... धर!" म्हटलं की निपल सैल करायचा, पुन्हा कसायचा, आणि मगच "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालतं. मधेच वरच्या टाकीत ऑईल भरायला विसरलात तर पहिल्यापासून सुरुवात.

बाटलीतलं ऑईल गाळून परत ओतणारे महाभागही आहेत! ब्रेक ऑईल पाणी शोषतं, त्यात मुंबईचा पावसाळा. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले, वाफ झाली, की पेडल थेट तळाला. आणि नुसतं 'ऑईल' म्हणतात म्हणून इंजिन ऑईल ओतलं तर रबर फुगून सगळी सिस्टीमच कामातून जाते.

पास्कलचा नियम पेपरात आपण सगळेच लिहितो. निपल किती जणांनी पाहिलाय? सरांना विनंती, भंगारात निघालेली एखादी पद्मिनी वर्कशॉपमध्ये आणा आणि व्हायव्हा तिच्याखाली घ्या. ऑईलसाठी हॉस्टेलवर वर्गणी काढू.