बजेट मुंबईत मंजूर, गावात मात्र पत्ता नाही

मार्च महिन्यात मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठमोठे आकडे येतात. पारावर बसलेला शेतकरी ते वाचतो आणि शेजारच्याला विचारतो, "यातलं आपल्या वाट्याला काय आलं रं?" शेजारी म्हणतो, "येईल तवा कळंल." विषय तिथेच संपतो. पुढे वर्षभर हाच प्रश्न तुकड्यातुकड्याने तलाठी, ग्रामसेवक आणि आम्हा कृषी खात्याच्या माणसांपुढे येत राहतो. ठिबकचे अनुदान कधी? विम्याचे काय झाले? पाणंद रस्त्याची खडी कुठे अडली? आम्ही आमच्यापुरते सांगतो. परंतु ज्या सभागृहात हा पैसा मंजूर झाला, त्या सभागृहात आम्ही बसत नाही. तिथे बसतात ते आपले आमदार. मग या प्रश्नांची उत्तरे गावाला देण्याची पहिली जबाबदारी कोणाची?

प्रथमच सांगतो, मी सरकारी नोकर आहे. हा लेख कोणा एका आमदाराविषयी नाही आणि कोणत्या पक्षाविषयीही नाही. राज्यात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच तऱ्हा आहे. आमदार लग्नाला येतात, मयतीला येतात, जत्रेत कुस्त्यांच्या फडावर नारळ फोडतात. डीपी जळाली तर फोन उचलतात. हे सारे ते करतात आणि लोकांनाही ते हवे असते. पण सभागृहात आपण काय विचारले, सरकारने काय उत्तर दिले, तालुक्याला किती मिळाले आणि किती मिळाले नाही, हे गावात येऊन सांगणारे किती? बोटावर मोजण्याइतके.

बॅनरवरचा निधी

माहितीच्या नावाखाली गावाला मिळतो तो बॅनर. "साहेबांच्या अथक प्रयत्नांतून अमुक कोटींचा निधी मंजूर." चौकात फटाके वाजतात, पेढे वाटले जातात. दोन पावसाळे उलटतात आणि रस्त्यावर चिखल तसाच. मग लोक म्हणतात, "पैसा खाल्ला." वास्तविक पुष्कळदा पैसा कोणी खाल्लेला नसतो. तो आलेलाच नसतो.

याचे कारण "मंजूर" या शब्दात आहे. सरकारी कामात हा एकच शब्द पाच-सहा ठिकाणी वापरतात. काम अर्थसंकल्पात घेतले गेले की मंजूर. प्रशासकीय मान्यता मिळाली की मंजूर. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली की मंजूर. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि शेवटी प्रत्यक्ष निधीचे वितरण. काही वेळा अर्थसंकल्पात कामापुढे केवळ नाममात्र तरतूद असते, म्हणजे काम यादीत शिरले एवढाच त्याचा अर्थ. तरतूद झाली तरी वित्त विभागाच्या बीम्स या संगणक प्रणालीवर निधी सुटल्याशिवाय बिल निघत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपले काम यातल्या कोणत्या पायरीवर उभे आहे, एवढे बॅनरवर लिहिले असते तर गावाने वाट पाहिली असती, नाहीतर पुढची पायरी गाठण्यासाठी तगादा लावला असता. पायरीच ठाऊक नसेल तर तगादा कोणाकडे लावणार?

तीन थैल्या

दुसरा घोळ निधीच्या थैल्यांचा. गावात सगळ्या पैशाला सरसकट "आमदार निधी" म्हणतात. खरे पाहता थैल्या तीन आहेत.

पहिली थैली आमदार स्थानिक विकास निधीची. २०२२ साली राज्यात ही रक्कम आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये झाली. ऐकायला मोठी वाटते. पण एखाद्या मतदारसंघात १५० गावे धरली आणि समान वाटणी केली तर गावाला वर्षाकाठी ३ लाख ३३ हजार रुपये येतात. एवढ्यात एखादा सभामंडप नाहीतर थोडाफार सिमेंट रस्ता होईल. यातून तालुक्याचे सिंचन होणार नाही.

दुसरी थैली जिल्हा वार्षिक योजनेची. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली, आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा कायदा झाला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे, ग्रामीण रस्ते, लहान बंधारे अशी कितीतरी कामे या थैलीतून होतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी थैली म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प. पाटबंधारे, वीज, पीक विम्यातला राज्याचा वाटा, सूक्ष्म सिंचनाचे अनुदान हे सारे तिथून येते. धाराशिव आणि बीडकडच्या पारांवर कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाच्या ७ टीएमसीची चर्चा वर्षानुवर्षे चालली. ते पाणी आमदार निधीतून येणार नव्हते, ते याच थैलीचे काम. इथे आमदाराच्या हाती पैसा नसतो, पण तोंड असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, मागण्यांवरील चर्चा ही त्याची अवजारे. म्हणून पहिल्या थैलीतून किती सभामंडप बांधले यावर आमदाराची पारख करणे म्हणजे बैलाची पारख झुलीवरून करण्यासारखे आहे. तिसऱ्या थैलीपुढे तो काय बोलला, हे कळले पाहिजे.

माहिती नसली की नुकसान कसे होते

हा केवळ कागदी हिशेब नाही. माहिती वेळेवर न मिळाल्याने शेतकऱ्याच्या खिशाला कशी झळ बसते, याचे ताजे उदाहरण पीक विम्याचे आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. २०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारने शेतकऱ्याचा हप्ता स्वतः भरण्याचे ठरवले आणि शेतकऱ्याला फक्त १ रुपया पडू लागला. अतिवृष्टी झाली, शेतात पाणी साचले की ७२ तासांच्या आत मोबाईलवरून कळवा, हे आम्ही गावोगाव सांगत होतो. लोकांच्या ते पक्के डोक्यात बसले. पुढे २०२५ च्या खरिपापासून योजना बदलली. १ रुपयाची सोय बंद झाली आणि खरीप पिकाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. त्याहून मोठा बदल म्हणजे स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीची वैयक्तिक भरपाई गेली. भरपाई महसूल मंडळाच्या उत्पन्नावर, म्हणजे पीक कापणी प्रयोगावर आली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने हाहाकार केला. सोयाबीन पाण्यात उभे राहिले. आणि लोक विचारू लागले, "साहेब, ७२ तासांची तक्रार कुठं करायची?" ती तक्रार करण्याची सोयच त्या हंगामात राहिली नव्हती. निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे, तो सभागृहात व्हावा. पण एवढा मोठा बदल पेरणीआधी प्रत्येक गावात स्पष्ट शब्दांत पोहोचायला नको होता काय? विमा काढायचा की नाही, हे शेतकऱ्याने तो बदल समजून ठरवायला हवे होते.

नवी रीत समजली असती तर गावाने काय केले असते, तेही पाहा. गेल्या ७ वर्षांतील चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीला ७० टक्क्यांनी गुणले की उंबरठा उत्पन्न निघते. समजा, मंडळाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी २० क्विंटल आहे, तर उंबरठा १४ क्विंटल. कापणी प्रयोगात ७ क्विंटल निघाले तर तूट निम्मी, म्हणून विमा रकमेच्या निम्मी भरपाई. प्रयोगात १४ किंवा जास्त निघाले तर काही नाही, मग तुमचे स्वतःचे रान सगळे वाहून गेलेले असो. म्हणजे आता सगळा खेळ कापणी प्रयोगावर आहे. तो कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होतो, याकडे गावाने डोळे लावून बसायला हवे. तिथे हजर राहायला हवे. प्रत्यक्षात काय दिसते? प्रयोगाच्या दिवशी शेतमालक आणि आम्ही कर्मचारी, दोन-चार डोकी. बाकीच्या गावाला खबरही नसते.

ठिबकचेही तसेच. अल्प व अत्यल्प भूधारकाला एकूण ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यात केंद्राचा वाटा किती आणि राज्याचा पूरक वाटा किती, हे माहीत नाही. शेतकरी पूर्वसंमती घेतो, उसनवारी करून संच बसवतो, मोका तपासणी होते आणि मग अनुदानाची वाट पाहतो. "निधी नाही" एवढेच उत्तर आमच्याकडे असते. कुठल्या वाट्याचा निधी नाही, तो पुरवणी मागणीत येणार आहे का, हे आमदार विचारू शकतात. पुरवणी मागण्या पावसाळी अधिवेशनात येतात, डिसेंबरात नागपूरला येतात. तेव्हा विचारले आणि उत्तर मिळाले, तर ते गावाला कळवावे. नुसते "लवकरच" हे उत्तर सावकाराला चालत नाही.

आमदारांची बाजू

आमदारांची अडचण नाही असे नाही. कार्यकर्ते म्हणतात, साहेबांना सकाळी सहापासून माणसे भेटतात, अहवाल लिहायला वेळ कुठे? शिवाय लोकांना हिशेब नको, कामे हवीत. यात तथ्य आहे. परंतु आमदाराच्या हाताखाली सरकार स्वीय सहायक देते. बॅनरचा मजकूर लिहायला जो वेळ सापडतो, त्यातच एक पान लिहून होईल. दुसरी भीती अशी की, "हे काम मिळाले नाही" असे लिहून दिले तर विरोधक तेच घेऊन फिरतील. फिरतील खरे. पण आज लोक मनानेच "पैसा खाल्ला" म्हणतात, त्यापेक्षा ते बरे नव्हे काय?

उघडपणे सांगण्याची परंपरा आपल्या राज्यात नाही असे नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजना मांडली. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा कुठून येणार, तेही लपवले नव्हते. १९७५ च्या व्यवसाय कराने शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो उभा राहिला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले ते दुष्काळी भागातून, पाण्याचा प्रश्न धरून. मोठमोठे होर्डिंग न लावताही लोक लक्षात ठेवतात.

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे तिथे प्रशासकच बसले. गावाजवळचा जिल्हा परिषद सदस्य, ज्याला बाजारात गाठून विचारता येई, तो दुवा त्या काळात तुटला. तेव्हा सगळे ओझे आमदारावर पडले, पण माहिती खाली येण्याची वाट काही रुंद झाली नाही.

एक पान पुरे

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर पंधरा दिवसांत आमदारांनी एक पान काढावे. त्यात पाच गोष्टी असाव्यात. तालुक्यातील कामे आणि प्रत्येक काम कोणत्या पायरीवर आहे. आमदार निधीतून कोणत्या गावाला कोणते काम, किती रुपयांचे आणि कोणत्या खात्यामार्फत. सभागृहात कोणते प्रश्न विचारले व मंत्र्यांनी काय उत्तर दिले. शेतीच्या योजनांत कोणता नियम बदलला. आणि शेवटी, काय मागितले पण मिळाले नाही. हे पाचवे कलम सर्वांत महत्त्वाचे. ते असेल तरच बाकीच्या चारांवर लोक विश्वास ठेवतील.

हे पान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्याच असतात. मोबाईलवरचा व्हिडिओ तरुण पोरे पाहतात, पण सातबारा बहुधा म्हाताऱ्याच्या नावावर असतो आणि रान बाईमाणूस पाहते. त्यांच्या कानावर हे जायला हवे. खरिपाआधी जिल्ह्याची आढावा बैठक होते, त्यात बियाणे, खत, पीक कर्ज यांचे आकडे मांडले जातात. त्या बैठकीतला आपल्या तालुक्याचा भागही याच फळ्यावर लावला तर दुकानदाराच्या "खत आलंच नाही" या उत्तराची शहानिशा शेतकऱ्याला करता येईल.

गावकऱ्यांनाही एक सांगणे आहे. आमदार गावात आले की आपण हार घालतो, निवेदन देतो, फोटो काढतो. निवेदनात "निधी द्यावा" एवढेच असते. यापुढे विचारा, "आमच्या कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली का? कोणत्या तारखेला? निधी किती सुटला?" उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच, १० रुपयांचा अर्ज कोणालाही करता येतो. पण प्रत्येक गावाने अर्जच का करावा? आपण निवडून दिलेला माणूस सांगायला असताना ही वेळ येऊ नये. शेतकरी सालगड्याकडूनही पाडव्याला वर्षाचा हिशेब घेतो. आमदाराकडे पाच वर्षांतून एकदा मतदानाच्या दिवशी हिशेब मागायचा, तर तोवर चार खरीप हातचे गेलेले असतात.